छोट्या गावांचा दौरा: बँडसोबत पहिल्यांदा निघताना

मोठ्या शहरात कार्यक्रमाच्या दिवशी केबल खराब झाली, तर ओळखीतलं कोणीतरी तासाभरात दुसरी आणून देतं. छोट्या गावात संध्याकाळी सहा वाजता बास गिटारची तार मिळत नाही, ड्रमच्या काड्या मिळत नाहीत, अँप्लिफायर भाड्याने देणारा एकच असतो आणि नेमका त्या दिवशी तो परगावी गेलेला असतो. म्हणून जे लागणार आहे ते एकतर गाडीत असायला हवं, नाहीतर आधीच फोनवर ठरलेलं असायला हवं. बाकीच्या सूचना यातूनच निघतात.

तुम्ही वादक म्हणून जात असाल, साउंड सांभाळायला जात असाल किंवा नुसतं सामान उचलायला, तरी सगळं वाचा. छोट्या बँडमध्ये ही तिन्ही कामं बहुतेक वेळा एकाच माणसाकडे असतात.

१. तारखा घेण्याआधी नकाशा उघडा

तारीख मिळतेय म्हणून घेतली, असं करत गेलात की गाडी आज उत्तरेला, उद्या दक्षिणेला आणि परवा पुन्हा कालच्याच रस्त्याने मागे येते. १९५९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात ‘विंटर डान्स पार्टी’ हा दौरा असाच आखला गेला होता. २४ दिवसांत २४ गावं, ऐन हिवाळा आणि मागे-पुढे हेलपाटे घालणारा रस्ता. बसचे हीटर बंद पडले. ड्रमर कार्ल बंच याच्या पायांना हिमदंश झाला आणि त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं. दौऱ्यातला मुख्य गायक बडी हॉली वैतागला आणि त्याने क्लिअर लेक गावातल्या कार्यक्रमानंतर पुढच्या मुक्कामासाठी छोटं विमान ठरवलं. ३ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर ते कोसळलं. हॉली, सोबतचे गायक रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन, आणि वैमानिक असे चौघेही गेले. लोकांच्या लक्षात विमान राहिलं. दौरा आखणाऱ्याने मात्र त्या आधीचा नकाशा लक्षात ठेवावा.

मी पाळतो ते नियम साधे आहेत. दोन मुक्कामांत चार तासांहून जास्त गाडी चालवायची नाही. फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात एक तृतीयांश मिळवायचा, कारण तो वेळ रिकाम्या कारचा असतो, सामानाने भरलेल्या आणि दर दीड तासाने कोणाला तरी उतरायचं असलेल्या गाडीचा नव्हे. सलग पाच कार्यक्रमांनंतर एक दिवस कोरा ठेवायचा. आणि शेजारशेजारच्या दोन गावांत एकाच आठवड्यात वाजवायचं नाही. तेच दोनशे लोक दोन ठिकाणी विभागले जातात आणि दोन्ही आयोजक तुमच्यावर नाराज होतात.

२. आधीचा फोन

नवखे लोक इथेच सर्वांत कमी वेळ देतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आयोजकाशी बोलणं झालं असेलच, पण आयोजकाला बहुतेक वेळा स्टेजबद्दल फार माहिती नसते. ज्याच्याकडे हॉलची किल्ली असते आणि जो वीज चालू करतो, त्याचा नंबर मागून घ्या. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी त्याच्याशी बोला आणि आदल्या दिवशी पुन्हा एकदा.

काय विचारायचं? स्टेज किती बाय किती आणि जमिनीपासून किती उंच. गाडी दरवाजापर्यंत येते का, की शंभर पावलं सामान वाहायचं आहे. जिने आहेत का. दरवाजाची रुंदी किती, कारण स्पीकरचा खोका त्यातून जायला हवा. साउंड हॉलचा आहे की बाहेरून येणार, तो कोण चालवणार, मिक्सरला किती चॅनल आहेत, म्हणजे किती माईक-वाद्यं जोडता येतात. मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेले स्पीकर, किती. वीज कुठून येते आणि त्याच लाइनवर आणखी काय चालतं, फ्रीज, एसी, स्वयंपाकघर. रात्री आवाज किती वाजता बंद करावा लागतो. कपडे कुठे बदलायचे, जेवण आधी की नंतर, झोपायचं कुठे. पैसे कोण देणार आणि कधी.

“सगळं आहे, काळजी करू नका,” असं उत्तर आलं की काळजीला सुरुवात करा. तो माणूस खोटं बोलत नसतो. मागच्या कार्यक्रमाला एक माईक आणि दोन स्पीकर पुरले होते, त्याच्या लेखी तेच सगळं. अशा वेळी वाद न घालता एकच विनंती करायची: स्टेजवर उभं राहून फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवा, भिंतीवरचे प्लगही दाखवा. दहा प्रश्नांची उत्तरं त्यात मिळतात.

तुमच्याकडून एक पान पाठवा. त्यावर स्टेजचं चित्र: कोण कुठे उभा, कोणाला वीज लागते, कोणाला मॉनिटर. खाली चॅनलची यादी: १ बेस ड्रम, २ स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम), अशी शेवटच्या गायकापर्यंत. पान एकच असावं, दुसरं पान कोणी वाचत नाही.

पाठवलेलं पान वाचलं गेलं का हे कसं कळणार? व्हॅन हेलन या बँडने १९८२ च्या दौऱ्यात कराराच्या जाडजूड अटींमध्ये एक विचित्र अट घातली होती: पडद्यामागे एम अँड एम या चॉकलेटच्या गोळ्या ठेवा, पण त्यात तपकिरी एकही नको. लोकांनी याला स्टारमंडळींचे नखरे म्हटलं. गायक डेव्हिड ली रॉथ याने पुढे खुलासा केला की वाडग्यात तपकिरी गोळी दिसली, तर करार वाचलेला नाही हे उघड व्हायचं आणि मग स्टेजचं वजन, वीज, सगळंच नव्याने तपासलं जायचं. तुम्हाला गोळ्यांची गरज नाही. फोनवर सहज विचारा, “सात नंबरच्या चॅनलला काय आहे?” पलीकडे शांतता पसरली तर पान पुन्हा पाठवा.

३. गाडी भरणं

सुटं सामान एकाच पेटीत ठेवा आणि ती पेटी सगळ्यांना माहीत असू द्या. गिटारच्या तारांचे दोन पूर्ण संच आणि सर्वांत बारीक तारा आणखी दोन-तीन, कारण तुटतात त्या याच. बासचा एक संच. काड्यांच्या भरपूर जोड्या. स्नेअरचं एक कातडं. माईकच्या केबल लागतात त्याहून तीन जास्त, गिटारच्या दोन जास्त. नऊ व्होल्टच्या आणि पेन्सिल बॅटऱ्या. फ्यूज, प्रत्येक उपकरणाच्या मागे लिहिलेल्या अँपिअरचेच. दोन डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या पेट्या. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंग गन, टॉर्च. कापडी गॅफर टेप, कारण साधा चिकट टेप केबलवर डिंक सोडतो आणि आठवडाभरात सगळ्या केबल हाताला चिकटू लागतात. आणि एक जुना गालिचा. गुळगुळीत स्टेजवर ड्रमचा संच दर गाण्याला पुढे सरकतो, गालिचा नसेल तर ड्रमर शेवटच्या गाण्यापर्यंत प्रेक्षकांत पोचतो.

प्रत्येक वस्तूवर एकाच रंगाची टेपची पट्टी लावा. अंधारात सामान आवरताना हॉलची केबल आणि आपली केबल वेगळी ओळखायला दुसरा उपाय नाही.

जड सामान तळाशी आणि पुढच्या बाजूला, सीटच्या पाठीमागच्या आडोशाला टेकवून ठेवा, नाहीतर जोरात ब्रेक लागला की अँप्लिफायर माणसांच्या दिशेने येतो. जे स्टेजवर सर्वांत आधी लावायचं ते दाराजवळ. गालिचा, ड्रम आणि स्टँड आधी उतरतात, म्हणून भरताना ते शेवटी. भरलेल्या गाडीचा एक फोटो काढून ठेवा. रात्री एक वाजता पाचही जण दमलेले असताना “हे इथे बसत होतं” यावर होणारी भांडणं त्या फोटोने मिटतात.

केबल कोपरावर गुंडाळू नका. प्रत्येक वेढ्याला पीळ पडतो आणि आतली तार तुटते. एक वेढा सरळ, पुढचा मनगट उलटं फिरवून, असं आलटून पालटून केलं की केबल फेकल्याबरोबर गाठ न पडता उलगडते. हे निघण्याआधी घरी शिकून घ्या. केबल नीट गुंडाळणाऱ्या नवख्याला दौऱ्यावर लगेच मान मिळतो.

४. पोचल्यावर आधी वीज

वाद्यं उतरवण्याआधी प्लग तपासा. हा क्रम कोणी हसलं तरी बदलू नका.

३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नसलेल्या माईकला त्याचा हात लागला होता. हे घडतं कसं, ते समजून घ्या. गिटारच्या तारा केबलमधून अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माईकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. दोन्ही अर्थिंग नीट असतील, तर हात तारांवर आणि ओठ माईकला लागले तरी काही होत नाही. एकाचं अर्थिंग तुटलेलं असेल आणि त्या उपकरणात बिघाड असेल, तर त्या दोन टोकांमधला मार्ग म्हणजे गायकाचं शरीर.

म्हणून तीन गोष्टी. पहिली, सॉकेट टेस्टर खिशात ठेवा आणि स्टेजवरचा प्रत्येक प्लग तपासा, फेज-न्यूट्रल उलटे आहेत का आणि अर्थिंग आहे का. दुसरी, मिक्सर आणि स्टेजवरचे अँप्लिफायर शक्यतो एकाच वीजपुरवठ्यावर घ्या, एक डाव्या भिंतीवरून आणि एक मागच्या खोलीतून असं नको. तिसरी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलेला स्वतःचा बोर्ड न्या आणि स्टेज त्यावर चालवा. गायकाने पहिल्यांदा माईकजवळ जाण्याआधी टेस्टर पेन जाळीला टेकवून पाहा.

स्पीकरमधून घरघर येऊ लागली की कोणीतरी जाणकार पुढे येतो आणि प्लगची अर्थची पिन काढायला सांगतो. घरघर खरंच थांबते. तरीही नाही म्हणा. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर घरघरीसकट वाजवा.

आणखी थोडं: एक्स्टेंशनचं चाक पूर्ण उलगडा, गुंडाळलेलं राहिलं तर भाराखाली तापतं. दिवे आणि साउंड वेगळ्या लाइनवर. २३० व्होल्टच्या १६ अँपिअरच्या एका लाइनवर साधारण ३,६०० वॅट मिळतात, जुन्या पद्धतीचे हजार वॅटचे चार दिवे लावले की ते संपले. जनरेटर असेल तर आधी तो सुरू करून स्थिर होऊ द्या, मग वाद्यं जोडा. पॉवर अँप्लिफायर सर्वांत शेवटी चालू आणि सर्वांत आधी बंद करायचा, नाहीतर बाकीच्यांचे खटके स्पीकरवर आदळतात.

५. साउंड चेक

पाठ्यपुस्तकी पद्धत बेस ड्रमपासून सुरू होते. छोट्या हॉलमध्ये मी उलटं करतो: आधी गायक. ड्रम विनामाईकही शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात, गायक पोचत नाही. गायकाचा आवाज स्पीकरमधून शिट्टी न येता जिथवर जातो ती त्या हॉलची मर्यादा, बाकी सगळ्यांनी तिच्या खाली राहायचं. गिटारवाल्याला हे आवडत नाही. त्याचा अँप्लिफायर खुर्चीवर चढवून त्याच्या कानाच्या दिशेने वळवला की तो आपणहून आवाज कमी करतो.

शिट्टी, म्हणजे फीडबॅक, बहुतेक वेळा मॉनिटर चुकीच्या जागी ठेवल्याने येते. साधा कार्डिऑइड माईक बरोबर मागच्या बाजूने बहिरा असतो, म्हणून मॉनिटर गायकासमोर, माईकच्या पाठीशी हवा. सुपरकार्डिऑइड असेल तर बहिरी जागा मागे तिरकी, माईकच्या समोरून मोजता सुमारे १२५ अंशांवर असते, तेव्हा मॉनिटर थोडा बाजूला सरकवा. माईकची जाळी मुठीत धरणाऱ्या गायकाला प्रेमाने समजवा, त्याने माईकची दिशाच मोडते.

रिकामा हॉल घुमतो. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि शरीरं वरचे स्वर शोषून घेतात आणि तोच आवाज मंद, कोरडा वाटू लागतो. त्यामुळे साउंड चेकमध्ये तीक्ष्णपणा फार कापू नका. स्टेज मोठं असलं तरी जवळ उभे राहा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सात मीटर लांबच्या ड्रमचा ठोका बासवाल्याला २० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. बोलताना ते जाणवत नाही, लयीत जाणवतं.

वेळच नसेल तर साउंड चेक सोडा, पण लाइन चेक सोडू नका. प्रत्येक चॅनलवर एकेकदा आवाज येतो एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. दिवे लागल्यावर वाद्यं पुन्हा सुरात घ्या, उष्णतेने तारा सैल पडतात आणि सूर उतरतो.

६. कार्यक्रम आणि त्यानंतरचा तास

वाजवण्याबद्दल मी काही सांगणार नाही. गाण्यांची यादी मात्र मोठ्या अक्षरांत, प्रत्येकाच्या पायाशी वेगळी ठेवा. तार तुटली तर त्या वेळी काय वाजवायचं हे आधी ठरवा: गिटारशिवाय होणारं एक गाणं तयार असलं की तार बदलायला पुरेसा वेळ मिळतो.

कार्यक्रम संपल्यावर एकाने प्रेक्षकांत जाऊन उभं राहायचं, टी-शर्ट आणि रेकॉर्ड विकले जातात ते पहिल्या पंधरा मिनिटांत. बाकीच्यांनी आवराआवर. सगळं भरून झाल्यावर टॉर्च घेऊन रिकाम्या स्टेजवरून एक फेरी मारायचं काम रोज एकाच माणसाचं. “कोणीतरी बघेल” म्हटलं की फोनचे चार्जर आणि ट्यूनर गावोगावी राहतात.

पैशांचं त्याच रात्री मिटवा, गाडी सुरू करण्याआधी. छोट्या ठिकाणी दोन पद्धती असतात: ठरावीक मानधन, किंवा तिकीटविक्रीतला हिस्सा. नवख्या बँडने “मानधन किंवा हिस्सा, जे जास्त ते” असं मागावं, आणि थोडा इसार तारीख पक्की करतानाच घ्यावा. हिस्सा असेल तर खर्च वजा करण्याआधीचा की नंतरचा, हे संदेशात लिहून घ्या. समजा विक्री शंभर, आयोजकाचा खर्च चाळीस आणि तुमचा हिस्सा सत्तर टक्के, तर एका हिशेबाने तुम्हाला सत्तर मिळतात आणि दुसऱ्याने बेचाळीस.

आलेल्या पैशातून आधी इंधन, मुक्काम, जेवण आणि तुटलेल्या सामानाची भरपाई. उरलेलं वाटायचं. वही सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.

७. झोप आणि गाडी

कार्यक्रमानंतर अंगात जोर असतो आणि रातोरात पुढच्या गावी जाऊ असं वाटतं. सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री १७ तास जागा असतो, आणि इतक्या जागरणानंतरची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारखी होते हे प्रयोगांत दिसलेलं आहे. चोवीस तासांनंतर ती ०.१० टक्क्यांएवढी घसरते. पहाटे दोन ते सहा शरीर आपणहून झोप मागतं, तेव्हा गाणी लावून किंवा काच खाली करून ती टळत नाही. डुलकी यायला लागली की सुरक्षित जागी थांबा, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला तेवढा वेळ लागतोच. सर्वांत चांगलं म्हणजे एक माणूस फक्त गाडीसाठी असावा, जो कार्यक्रम चालू असताना झोपतो. ते परवडत नसेल तर गावातच मुक्काम करा. आणि वाद्यं रात्री गाडीत ठेवू नका, निदान गिटार आणि माईक तरी खोलीत न्या. थंडीतून एकदम उबदार खोलीत आणलेली पेटी लगेच उघडू नका. लाकडाला हळूहळू सवय होऊ द्या, नाहीतर पॉलिशला तडे जातात.

८. गळा आणि कान

गायकाचा गळा गाण्याने कमी आणि गाडीत बोलण्याने जास्त बसतो. इंजिनाच्या आवाजावर बोलताना माणूस नकळत ओरडतो, चार तासांच्या प्रवासात ते दोन कार्यक्रमांएवढं होतं. त्याला पुढची सीट द्या आणि गप्प राहू द्या. कुजबुजूही नको, जोर लावून कुजबुजल्यानेही स्वरयंत्राला ताण पडतो. पाणी दिवसभर घोटघोट प्यावं. गिळलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, शरीरातून फिरून ओलावा पोचायला वेळ लागतो, त्यामुळे स्टेजवर जाताना ढोसलेल्या बाटलीचा उपयोग नाही.

कानांचा हिशेब कठोर आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. ड्रमशेजारी उभ्या राहणाऱ्याची मर्यादा पहिल्या तीन-चार गाण्यांत संपते. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळे स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे सूर कळतो. दौरा सुरू होण्याआधी ते घालून सराव करा, पहिल्या दिवशी विचित्र वाटतात.

९. गाडीतली माणसं

पाच जण, एक गाडी, दोन खोल्या. भांडणं संगीतावरून होत नाहीत; ओला टॉवेल, उशिरा उठणारा आणि मोठ्याने फोनवर बोलणारा यांच्यावरून होतात. निघायची वेळ रात्री झोपण्याआधी एकाने सांगावी आणि ती वाटाघाटीसाठी खुली नसावी. कार्यक्रमातल्या चुकांवर त्याच रात्री बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर बोलायचं. दिवसातला एखादा तास प्रत्येकाने एकट्याने फिरून यावं, आणि कोणी कानात हेडफोन घालून बसला असेल तर त्याला काही विचारू नये.

हॉलच्या माणसांशी नीट वागा. छोट्या गावांतले आयोजक एकमेकांना ओळखतात, आणि तुम्ही पुढच्या गावी पोचण्याआधी तुमच्याबद्दलचा फोन पोचलेला असतो. साउंडवाला, रखवालदार, झाडणारी बाई, सगळ्यांची नावं पहिल्या दहा मिनिटांत विचारून घ्या आणि कागदावर लिहा. त्याच कागदावर निघताना चार ओळी वाढवा: कोणत्या प्लगला अर्थिंग नव्हतं, दरवाजा किती अरुंद होता, गायकाच्या माईकला शिट्टी कुठल्या जागी येत होती, किल्ली कोणाकडे असते. पुढच्या वेळी त्या गावाला फोन करण्याआधी तो कागद काढा.